आश्रय, अनुदान आणि अधिकार : गोंदिया जिल्ह्यातील तिबेटी वसाहतीच्या संदर्भात शासकीय पुनर्वसन धोरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

मायदेशाबाहेर राहणाऱ्या समूहांना शासनाने द्यावयाच्या साहाय्याचा विचार सामान्यतः परराष्ट्र धोरणाच्या चौकटीत होतो. त्यामुळे हा विषय दिल्ली, बर्लिन किंवा अंकारा येथील तज्ज्ञांचा असून विदर्भाच्या पूर्व टोकावरील धानपट्ट्याशी त्याचा काही संबंध नाही, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची 'नॉर्ग्येलिंग' ही वसाहत आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यासाठी पूर्व विदर्भात परिचित असलेल्या प्रतापगडाच्या शेजारी बौद्ध प्रार्थनापताका फडकत असतात, हे या भागातील लोकांना आता नवलाचे राहिलेले नाही. वसाहत स्थापन झाली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी तिबेटी प्रशासनाच्या व्यवहारात ही वसाहत 'भंडारा' या नावानेच ओळखली जाते. जिल्ह्याचे नाव बदलले, परंतु वसाहतीतील माणसांची कायदेशीर ओळख त्याहूनही अधिक काळ जिथल्या तिथे राहिली आहे.

या वसाहतीला मिळणाऱ्या साहाय्याचे स्वरूप काय, ते कोणत्या गृहीतकावर उभे आहे आणि लाभार्थ्याकडून ते कोणती किंमत मागते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. भारत सरकारचे २०१४ चे 'तिबेटी पुनर्वसन धोरण' आणि २०१७ मधील पारपत्रविषयक अटी हे चिकित्सेचे मुख्य विषय आहेत. तुलनेसाठी तुर्कस्तानच्या अनिवासी समूहविषयक धोरणाचा आधार घेतला आहे.

तात्पुरतेपणाचे गृहीतक

३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा यांनी भारतात प्रवेश केला आणि त्यांच्यापाठोपाठ सुमारे ऐंशी हजार तिबेटी आले. प्रारंभी त्यांतील पुष्कळांना हिमालयाच्या पायथ्याशी रस्त्यांच्या कामावर लावण्यात आले. पुढे राज्य सरकारांनी दिलेल्या जमिनींवर शेतीप्रधान वसाहती उभ्या राहिल्या. म्हैसूर राज्यातील बैलकुप्पे ही त्यांतील आरंभीची. नंतर आजच्या छत्तीसगडमधील मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी, कर्नाटकातील मुंडगोड आणि हुणसूर अशी ही साखळी वाढत गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला नॉर्ग्येलिंग आले. मुलांच्या शिक्षणासाठी १९६१ मध्ये केंद्र सरकारने तिबेटी शाळांचे स्वतंत्र प्रशासन निर्माण केले. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवस्थेचे औदार्य नाकारता येत नाही. आजच्या जगात निर्वासितांना सीमेवरच थोपवण्याची जी चढाओढ लागली आहे, तिच्या तुलनेत तर मुळीच नाही.

परंतु या औदार्याच्या मुळाशी एक गृहीतक होते. हे लोक परत जातील, म्हणून त्यांना एकत्र ठेवावे, त्यांची भाषा व धर्म जपावा, मात्र भारतीय समाजात मिसळून टाकू नये, अशी ही कल्पना. दलाई लामा यांचाही आग्रह विखुरले न जाण्याचाच होता. त्यामुळे यजमान शासन आणि निर्वासितांचे नेतृत्व यांचे या बाबतीत एकमत झाले. जमीन मिळाली ती कसण्यासाठी, मालकीसाठी नव्हे. ओळखपत्र मिळाले ते परदेशी व्यक्तीच्या नोंदणीचे.

याच तालुक्यात तुलनेला आणखी एक उदाहरण आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या अरुणनगरसारख्या वसाहती अर्जुनी मोरगावात आहेत. बंगाली निर्वासित परत जाणार नाहीत, हे शासनाने मानले होते. परिणामी बहुतांशी ते नागरिक झाले, मतदार झाले, ग्रामपंचायतीत निवडून आले. जमिनीच्या हक्काचे आणि जातीच्या दाखल्याचे त्यांचे प्रश्न अजून आहेत. तथापि ते प्रश्न ते आमदारापुढे मतदार या नात्याने मांडू शकतात. एकच तालुका, तोच धानाचा हंगाम, तेच इटियाडोह धरण. फरक आहे तो शासनाने गृहीत धरलेल्या भविष्याचा.

तुर्कस्तानचे उदाहरण

'परत जातील' या गृहीतकाचे जगातील सर्वांत परिचित उदाहरण तुर्की कामगारांचे आहे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला. हे 'पाहुणे कामगार' काही वर्षे राबून मायदेशी परततील, अशी दोन्ही सरकारांची अपेक्षा होती. १९७३ मध्ये जर्मनीने भरती थांबवली. तेव्हा मात्र उलटेच घडले. परत गेल्यास पुन्हा प्रवेश मिळणार नाही या भीतीने अनेकांनी कुटुंबे तिकडेच बोलावून घेतली. आज जर्मनीत तुर्की वंशाचे सुमारे तीस लाख लोक आहेत.

तुर्कस्तानने या वस्तुस्थितीशी टप्प्याटप्प्याने जुळवून घेतले. १९८१ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला कायद्याने वाव दिला. परंतु जर्मनी दीर्घकाळ ते मान्य करीत नव्हती आणि जर्मन नागरिकत्व घेताना अनेकांना तुर्की नागरिकत्व सोडावे लागे. अशा लोकांसाठी १९९५ मध्ये एक विशेष कार्ड सुरू झाले, ज्याला पुढे २००९ मध्ये 'निळे कार्ड' हे नाव मिळाले. जन्माने तुर्की असलेल्या आणि परवानगीने नागरिकत्व सोडलेल्या व्यक्तीला तुर्कस्तानात राहण्याचा, काम करण्याचा, मालमत्ता बाळगण्याचा व वारसाहक्काचा अधिकार या कार्डाने राखला जातो. मताधिकार मात्र राहत नाही. २०१० मध्ये परदेशस्थ तुर्क व संबंधित समूहांसाठी स्वतंत्र शासकीय अध्यक्षालय स्थापन झाले. मातृभाषा शिक्षण, शिष्यवृत्त्या, सांस्कृतिक संस्थांना अनुदान, भेदभावाच्या प्रकरणांत कायदेशीर साहाय्य ही कामे त्याच्याकडे आली. २०१४ पासून परदेशातील तुर्की नागरिकांना राहत्या देशातूनच मतदान करता येऊ लागले.

हे साहाय्य निरपेक्ष आहे, असे मानण्याचे कारण नाही. परदेशस्थ मतदारांकडे सत्ताधारी पक्षाची दृष्टी कशी असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. शासनाने पाठवलेल्या इमामांवर हेरगिरीचा संशय घेऊन जर्मनीत २०१७ मध्ये चौकशाही झाल्या. ज्याच्या हाती मदत, त्याच्या हाती दोरी, हे तेथेही खरे आहे. परंतु या धोरणातील एक तत्त्व येथे महत्त्वाचे ठरते. व्यक्तीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले म्हणून तिचे समूहाशी असलेले नाते आणि त्या नात्यावर आधारलेले साहाय्य तुटत नाही. २०२४ च्या जून महिन्यापासून जर्मनीनेही दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य केले.

दोन शासने, एक लाभार्थी

तिबेटी निर्वासितांची स्थिती तुर्कांहून मूलतः भिन्न आहे. त्यांच्या पाठीशी जगाने मान्य केलेले राष्ट्र-राज्य नाही. आहे ते धर्मशाळा येथील केंद्रीय तिबेटी प्रशासन. त्याला १९९१ ची सनद आहे, निर्वाचित संसद आहे आणि २०११ मध्ये दलाई लामा यांनी राजकीय अधिकार सोडल्यापासून निर्वाचित प्रमुखाकडे पूर्ण कार्यभार आहे. वसाहतींचे प्रशासन या यंत्रणेच्या गृह विभागाकडे असते. तिला निधी मिळतो तो देणग्यांतून, परकीय अनुदानांतून आणि १९७२ पासून प्रत्येक तिबेट्याकडून घेतल्या जाणाऱ्या ऐच्छिक वार्षिक वर्गणीतून. या वर्गणीची नोंद ज्या पुस्तिकेत होते ती 'ग्रीन बुक' म्हणजे जणू राज्याविना असलेल्या नागरिकत्वाचा पुरावाच. नॉर्ग्येलिंगची वसाहत आणि ही वर्गणी यांचा आरंभ एकाच वर्षातला आहे.

भारत सरकारचे प्रत्यक्ष आर्थिक साहाय्य किती, याचे एक प्रमाण उपलब्ध आहे. २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ३६ तिबेटी वसाहत कार्यालयांच्या खर्चासाठी पाच वर्षांत ४० कोटी रुपये देण्यास मान्यता दिली. पुढे २०२० मध्ये या योजनेला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. वार्षिक ८ कोटी रुपये ३६ कार्यालयांत समान वाटले, असे मानले तर एका कार्यालयाच्या वाट्याला सुमारे २२ लाख रुपये येतात. ही रक्कम कार्यालय चालवण्यास उपयोगी आहे. वसाहतीची शेती किंवा तिचे अर्थकारण सावरण्याची अपेक्षा तिच्याकडून करता येणार नाही. शिवाय परकीय अनुदानाचा आधार किती डळमळीत असतो, हे २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने आपले विदेशी साहाय्य एकाएकी गोठवले तेव्हा दिसून आले. तिबेटी वसाहतींतील आरोग्य व उपजीविकेचे प्रकल्प त्याच निधीवर अवलंबून होते.

२०१४ चे धोरण : दिलेले आणि राखून ठेवलेले

२० ऑक्टोबर २०१४ चे तिबेटी पुनर्वसन धोरण हे या क्षेत्रातील केंद्र सरकारचे पहिले सर्वसमावेशक धोरण होय. तोपर्यंत प्रत्येक राज्य आपापल्या रीतीने वागत असे. नव्या धोरणाने काही बाबी स्पष्ट केल्या. वसाहतीच्या जमिनीचा भाडेपट्टा राज्याने २० वर्षांसाठी किंवा तो रद्द होईपर्यंत, यांतील जे आधी घडेल त्या मुदतीसाठी करून द्यावा. रोजगार हमी, सार्वजनिक वितरण, घरकुल, ग्रामीण आरोग्य, ग्रामीण उपजीविका या केंद्रीय योजनांचा लाभ तिबेटी निर्वासितांनाही द्यावा. व्यवसायासाठी परवाने द्यावेत आणि पात्रतेनुसार खाजगी क्षेत्रात नोकरी करण्यास मोकळीक असावी.

यादी प्रभावी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि धोरणाचा अन्वयार्थ त्यातील योजनांच्या यादीपेक्षा भाडेपट्ट्याच्या कलमात अधिक सापडतो. १९७२ मध्ये वसलेल्या समूहाला ४२ वर्षांनंतर २० वर्षांची शाश्वती देण्यात आली आणि तीही 'रद्द होईपर्यंत' या शब्दांसह. शिवाय जमीन हा राज्याचा विषय असल्याने केंद्राचे धोरण येथे मार्गदर्शनाच्या पलीकडे जात नाही. अंमलबजावणी राज्याच्या इच्छेवर सोडली आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्यात जमिनीच्या कागदाचे महत्त्व शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. येथील शेती म्हणजे मुख्यतः धान. आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचे तर सातबारा लागतो. बँकेचे पीककर्ज सातबाऱ्यावर उभे असते. पीकविमा, अतिवृष्टीची नुकसानभरपाई, पंतप्रधान किसान सन्मान निधी या सर्वांचे दार त्याच एका कागदाने उघडते. ज्याची जमीन शासनाची आणि कसणे स्वतःचे, त्याच्यासाठी अन्य योजनांची यादी कितीही लांब असली तरी शेतीचा मुख्य प्रवाह बाजूनेच वाहतो. हिवाळ्यात स्वेटर विकण्यासाठी तिबेटी कुटुंबे शहरोशहरी जातात. नागपूरपासून लहान तालुक्यांपर्यंत त्यांचे तंबू लागतात. याकडे आपण त्यांचा पारंपरिक व्यवसाय म्हणून कौतुकाने पाहतो. वास्तविक लुधियानाहून उधारीवर आणलेला माल विकण्यात परंपरा अशी कोणती? शेतीने वर्षभराचा भार उचलला नाही, म्हणून पत्करलेला तो मार्ग आहे. हे धोरणकर्त्यांच्या ध्यानात आले असते, तर भाडेपट्ट्याचे कलम कदाचित वेगळे लिहिले गेले असते.

एकाच घरातील तीन दर्जे

नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. आईवडील कोण, हा प्रश्न तेथे येत नाही. तिबेट्यांना मात्र अनेक वर्षे हे तत्त्व लागू केले जात नव्हते. २२ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर प्रकरणात ते त्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा व्यक्तींची नावे मतदार यादीत घेण्याचे निर्देश दिले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पारपत्र देण्याचा आदेश दिला.

हा नियम नॉर्ग्येलिंगला लावून पाहिला म्हणजे त्याचा आशय उलगडतो. वसाहत १९७२ ची, कायद्यातील मर्यादा १९८७ ची. म्हणजे येथे जन्मलेली पहिल्या पंधरा वर्षांतील सर्व मुले भारतीय नागरिक आहेत. समजा, तिबेटमध्ये जन्मलेल्या एका दांपत्याला १९७५ मध्ये मुलगी आणि १९८८ मध्ये मुलगा झाला. दोघेही त्याच घरात, त्याच गावात जन्मले. कायद्याच्या दृष्टीने मुलगी नागरिक आहे आणि मुलगा परदेशी. मुलीला १९९८ मध्ये अपत्य झाले असल्यास, आईवडिलांपैकी एक नागरिक असल्याच्या नियमाने तेही नागरिक ठरते. अपत्य ३ डिसेंबर २००४ नंतरचे असेल तर दुसऱ्या पालकाच्या दर्जाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. एका चुलीभोवती बसणाऱ्या माणसांचे असे दोन-तीन दर्जे असू शकतात. शेजारच्या गोठणगावातील माणसाला हे सांगितल्यास त्याचा विश्वास बसणार नाही.

२०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यानेही यात फरक पडला नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेश या तीन देशांपुरताच तो आहे आणि त्यात बौद्धांचा उल्लेख असूनही तिबेटहून आलेले बौद्ध त्याच्या कक्षेबाहेर राहिले. जुन्या नोंदणीविषयक कायद्यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या स्थलांतर व विदेशी व्यक्ती कायद्याने घेतली आहे. तथापि नागरिक कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधण्यात अर्थ नाही, कारण तो त्या कायद्याचा विषयच नाही.

पारपत्राची किंमत

न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने तिबेटी अर्जदारांना पारपत्र देण्याचे मान्य केले, मात्र काही अटी घातल्या. अर्जदाराने निर्वासित म्हणून मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र व ओळख प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे. नियत तिबेटी वसाहतीत त्याचे वास्तव्य नसावे. केंद्रीय तिबेटी प्रशासनाचे तसेच नोंदणी प्रमाणपत्रधारक म्हणून मिळणारे लाभ आता आपण घेत नसल्याचे त्याने लिहून द्यावे.

यांतील पहिली अट समजण्यासारखी आहे. एकाच वेळी नागरिक आणि परदेशी अशी दोन कागदपत्रे बाळगता येणार नाहीत. अनुदानाविषयीच्या अटीमागेही काही तर्क आहे. परंतु वसाहतीत न राहण्याची अट कोणत्या तत्त्वावर टिकते? भारतीय नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे. येथे मात्र नागरिकत्वाचा पुरावा मागणाऱ्याला जन्मगाव सोडण्यास सांगितले जाते. वरील उदाहरणातील मुलीने पारपत्र मागितले तर तिला म्हाताऱ्या आईवडिलांचे व भावाचे घर सोडावे लागेल. पिकाखालची जमीनही जाईल, कारण ती नागरिकाची नाही, वसाहतीची आहे. नागरिकत्व तिचे आधीपासूनच आहे, ते कोणी तिला नव्याने बहाल करीत नाही. तरीही ते वापरण्यासाठी तिला घरदार मोजावे लागते. नॉर्ग्येलिंगसारख्या लहान, शेतीवर आधारलेल्या वसाहतीत हा भार दिल्ली किंवा धर्मशाळेतील शिक्षित तरुणाच्या तुलनेत कितीतरी अधिक आहे. त्या तरुणाजवळ भाड्याची खोली घेण्याइतके उत्पन्न असते. येथे पर्याय आहे तो घर सोडण्याचा किंवा अधिकार न मागण्याचा.

तुर्कस्तानचे निळे कार्ड येथे आठवते. तेथे नागरिकत्व सोडूनही घराचा हक्क राहतो. येथे नागरिकत्व वापरल्याने घर जाते. विशेष म्हणजे, ज्या तिबेटी सनदेच्या नावाने ही फारकत अपरिहार्य मानली जाते, ती सनद स्वतः इतकी ताठर नाही. परिस्थितीच्या रेट्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्या तिबेट्यालाही, त्याने सनदेतील कर्तव्ये पाळल्यास, तिबेटी नागरिकत्व राखता येते, अशी तरतूद १९९१ च्या सनदेत आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात नागरिक झालेला तिबेटी ग्रीन बुक बाळगू शकतो. गोंदियातील तिबेट्याने मात्र भारतीय पारपत्र हाती घेताच आपल्याच प्रशासनाच्या लाभांवर पाणी सोडावे, अशी भारत सरकारची अट आहे.

नागरिक होण्याला समूहातील अनेकांचा भावनिक विरोध आहे, हेही नोंदवले पाहिजे. सर्वजण भारतीय झाले तर तिबेटचा प्रश्न मांडणार कोण, ही भीती निराधार नाही. केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या गणनेत तिबेटबाहेरील तिबेट्यांची संख्या १,२८,०१४ होती आणि त्यांपैकी ९४,२०३ भारतात होते. त्यानंतर युरोप-अमेरिकेकडे होणाऱ्या स्थलांतराने भारतातील वसाहती विरळ होत गेल्या. वसाहती ओस पडण्याला नागरिकत्व कारणीभूत ठरेल, असे म्हणणाऱ्यांनी या स्थलांतराकडे पाहावे. माणसे जात आहेत ती नागरिकत्व नसताना. तरुण मुलगा टोरांटोला जातो, कारण तेथे काही वर्षांत त्याला कागद मिळतो आणि त्या कागदासाठी कोणी त्याला आपल्या माणसांपासून तोडत नाही.

या स्थितीत बदल करण्यासाठी संसदेच्या नव्या कायद्याची गरज नाही. वास्तव्याची अट कार्यकारी आदेशाने आली आहे, ती तशीच मागे घेता येईल. भाडेपट्ट्याची मुदत वाढवून तिची नोंद कसणाऱ्या कुटुंबाच्या नावे करणे आणि त्या नोंदीवर धान खरेदी व पीककर्ज मान्य करणे हे राज्याच्या महसूल व सहकार विभागांच्या अधिकारात आहे. २०१४ मध्ये भाडेपट्टा झाला असे धरले, तरी त्याची मुदत २०३४ मध्ये संपेल. त्या वेळी वसाहतीला ६२ वर्षे झालेली असतील आणि तेथे १९७५ मध्ये जन्मलेली मुलगी ५९ वर्षांची असेल.